भाषाविज्ञान आणि संस्कृती-अभ्यासाच्या परिषदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.-पीएच.डी.चे विद्यार्थी, महाविद्यालयात मराठी शिकवणारे प्राध्यापक, आपल्या गावच्या बोलीची वही वर्षानुवर्षं भरत आलेली हौशी मंडळी, या सगळ्यांकडून मला परिषदांबद्दल तेच तेच प्रश्न येत असतात. भाषाविज्ञान शिकवताना आणि परिषदांसाठी आलेले गोषवारे (निबंधांचे छोटे सारांश) तपासताना जे लक्षात आलं, त्याच्या आधारे ही उत्तरं लिहिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण लोक तिथेच अडतात.

परिषदेत नेमकं काय होतं? साहित्य संमेलनासारखं असतं का?

नाही. संमेलनात ग्रंथदिंडी असते, हजारो रसिक असतात, ठराव होतात. परिषदेच्या एखाद्या दालनात पंधराच माणसं बसलेली दिसतील, पण ती पंधराही त्याच विषयात बुडालेली असतात. साचा साधारण ठरलेला: वीस मिनिटं निबंध, दहा मिनिटं प्रश्न. दिवसातून एखादं तासाभराचं बीजभाषण. बाकीचा वेळ दोन-तीन दालनांत समांतर सत्रं आणि बाहेर व्हरांड्यात पोस्टर. खरी देवाणघेवाण बऱ्याचदा त्या दहा मिनिटांत आणि नंतरच्या चहाच्या रांगेत होते. त्यामुळे स्वतःचा निबंध वाचून लगेच निघून जाऊ नका.

अशा परिषदांतून खरंच काही घडतं का?

घडतं, आणि मराठीपुरतं बोलायचं तर खूप मोठं काही घडलेलं आहे.

१८८६ साली व्हिएन्नात प्राच्यविद्या (पूर्वेकडच्या भाषा-संस्कृतींचा अभ्यास) अभ्यासकांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबई सरकारतर्फे रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे गेले होते. भारतातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, अशी विनंती हिंदुस्थान सरकारला करणारा ठराव त्या परिषदेत झाला. ब्रिटिश अधिकारी आणि भाषांचे अभ्यासक जॉर्ज ग्रीअर्सन त्यासाठी आग्रही होते. प्रत्यक्ष काम १८९४ मध्ये सुरू झालं आणि शेवटचा भाग १९२८ मध्ये छापून झाला. १७९ भाषा आणि ५४४ बोली, अशी त्या पाहणीची मोजणी. मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. तो स्टेन कोनोव्ह यांनी तयार केला. त्यातलं कोकणीला मराठीची बोली ठरवणारं वर्गीकरण आज कोणी तसंच स्वीकारत नाही, पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे बोलींचे नमुने हवे असतील तर आजही तोच खंड उघडावा लागतो. या सगळ्याच्या मुळाशी परिषदेतला एक ठराव आहे.

दुसरं उदाहरण जमैकातलं. एप्रिल १९६८ मध्ये तिथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात मिश्रभाषांवर एक परिषद झाली. तिच्यातून जे पुस्तक १९७१ साली निघालं, त्यात दोन निबंध थेट आपल्याकडचे आहेत. एकात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी विचारलं की मराठीची घडण भाषासंकरातून झाली असेल का. दुसरा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवरचा. या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. दोघांना आढळलं ते असं: घराघरातले शब्द आपापल्या भाषेचे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत जवळपास घटकाला घटक ठेवून बदलता येतं. भाषासंपर्काचा विषय जगात कुठेही शिकवायला घेतला की कुपवाडचं नाव निघतं. मिरज-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या दारातलं गाव आहे ते. तिथे आज काय बोललं जातं, यावर नव्यानं काम करायला भरपूर वाव आहे.

भारतात कुठल्या परिषदांकडे लक्ष ठेवावं?

लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९२८ साली लाहोरला स्थापन झाली आणि आता तिचं कार्यालय पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. तिची वार्षिक परिषद दर वेळी वेगळ्या विद्यापीठात भरते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यानं आयुष्यात एकदा तरी तिथे जावं. विद्यार्थ्यांनीच भरवलेली ‘स्कॉनली’ ही परिषदही विद्यापीठं बदलत फिरते आणि पहिल्या निबंधासाठी मी नेहमी तीच सुचवते. तिथे ऐकणारेही तुमच्याच वयाचे असल्यानं प्रश्न मोकळेपणानं विचारले जातात. संगणकीय भाषाविज्ञान करणाऱ्यांसाठी ‘आयकॉन’ आहे. प्राकृत, शिलालेख, हस्तलिखितं असा विषय असेल तर अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद. तिचं पहिलं अधिवेशन नोव्हेंबर १९१९ मध्ये पुण्यात, भांडारकर संस्थेत झालं. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या कार्यशाळांवरही नजर ठेवा. परिषदेपेक्षा कधीकधी दहा दिवसांची कार्यशाळा जास्त शिकवून जाते.

आणि परदेशात? मराठीवरचं काम तिथे कोण ऐकेल?

दक्षिण आशियाई भाषांसाठी ‘साला’ आणि व्याकरणाच्या सैद्धांतिक बाजूसाठी ‘फासाल’ या दोन परिषदांत मराठीचे निबंध नियमित असतात. विभक्तीप्रत्यय, क्रियापदाची कर्माशी जुळणी, ‘आपण’ आणि ‘स्वतः’चा वापर यांत तिथल्या अभ्यासकांना मनापासून रस आहे. संस्कृती, इतिहास, साहित्य या बाजूनं जात असाल तर विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला दर वर्षी ऑक्टोबरात भरणारी दक्षिण आशिया परिषद आणि युरोपात दोन वर्षांनी शहर बदलून होणारी दक्षिण आशिया परिषद पाहा.

फक्त महाराष्ट्राला वाहिलेलीही एक परंपरा आहे. १९८०च्या दशकात टोरोंटो विद्यापीठातून ‘महाराष्ट्र: संस्कृती आणि समाज’ ही परिषदमालिका सुरू झाली आणि पुढे वेगवेगळ्या देशांत भरत गेली. अ‍ॅन फेल्डहाउस, एलिनॉर झेलियट, इरिना ग्लुश्कोवा या अभ्यासकांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. दर वेळी एकच विषय घ्यायचा, कधी घर, कधी स्त्रियांच्या प्रतिमा, आणि त्यावर इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ, साहित्याचे अभ्यासक अशा सगळ्यांनी एकत्र बोलायचं, ही तिची पद्धत. आपल्याकडच्या विभागांनी ती उचलावी असं मला मनापासून वाटतं. ‘मराठी साहित्य: विविध आयाम’ या शीर्षकाखाली साठ निबंध गोळा करण्यापेक्षा ‘उंबरठा’ किंवा ‘बाजार’ एवढाच विषय घेऊन बारा निबंध दोन दिवस बारकाईनं ऐकावेत.

माझा विषय लोकसाहित्य आहे. तो ‘संस्कृती-अभ्यासा’त बसतो का?

बसतो, फक्त प्रश्न वेगळा विचारावा लागतो. या ज्ञानशाखेची सुरुवात बर्मिंगहॅमला १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी काढलेल्या केंद्रातून मानली जाते. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी तिला आकार दिला. सामान्य माणसांची गाणी, वर्तमानपत्रं, करमणूक यांत सत्ता आणि प्रतिकार कसा वावरतो, हा तिचा मूळ प्रश्न. आता जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यातल्या बऱ्याच आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. ‘ओव्यांतील स्त्रीजीवन’ हा निबंध शेकडो वेळा लिहून झाला आहे. पण पिठाची गिरणी गावात आल्यावर ओवी कुठे गेली, ती कोणत्या प्रसंगी टिकली, बाबासाहेबांवरच्या ओव्या कोणत्या वस्तीत आणि कोणाच्या तोंडी आहेत, हे विचारलंत की निबंध उभा राहतो. या शाखेची ‘क्रॉसरोड्स’ नावाची जागतिक परिषद १९९६ साली फिनलंडमधल्या टांपेरेला सुरू झाली. ती साधारण दर दोन वर्षांनी भरते आणि वेगवेगळ्या देशांत भरत आली आहे.

गोषवारा कसा लिहावा? माझा दोनदा नाकारला गेला.

परीक्षकापुढे गोषवाऱ्यांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ‘भाषा हे संवादाचे प्रभावी माध्यम आहे’ किंवा ‘मराठीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे’ अशी सुरुवात केलीत की तीनशे शब्दांतले चाळीस वाया गेले. सरळ मुद्द्यावर या.

एक विषय घेऊन दाखवते. कोल्हापूर भागात बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ‘कोल्हापुरी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ या नावानं गोषवारा पाठवलात तर तो मागे येईल, कारण त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी असं बघा: पुण्यात शिकायला आलेल्या कोल्हापूरच्या मुली हे रूप कुठे ठेवतात आणि कुठे सोडतात? आईशी फोनवर बोलताना, वसतिगृहातल्या मैत्रिणीशी, वर्गात सरांशी? इथे प्रश्न आहे, सामग्री कुठून येणार ते स्पष्ट आहे आणि उत्तर काय निघेल ते आधी ठाऊक नाही.

मग गोषवारा आपोआप रचला जातो. पहिल्या दोन वाक्यांत घटना आणि प्रश्न. नंतर आधी कोणी काय म्हटलं आहे ते. उदाहरणार्थ, कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदात लिंगभेद नसतो, म्हणून या रूपाचा कन्नड-संपर्काशी संबंध जोडला जातो. मग तुमची सामग्री: किती जणी, कोणत्या गावच्या, ध्वनिमुद्रण कसं केलं. मग काय सापडलं, निदान दोन प्रत्यक्ष वाक्यांसह. शेवटी त्यानं आधीच्या समजुतीत काय बदलतं. ‘या निबंधात विविध पैलूंचा ऊहापोह केला जाईल’ असं कधीही लिहू नका. जे सापडलं ते सांगून टाका, गुपित ठेवायचं काहीच कारण नाही.

आणखी एक सूचना. बहुतेक ठिकाणी गोषवारा निनावी तपासतात. पानावरून नाव काढता, पण फाइलच्या गुणधर्मांत ते राहून जातं. पीडीएफ करण्याआधी तेही पुसा.

मराठी वाक्यं इंग्रजी निबंधात कशी द्यायची?

तीन ओळींत. पहिल्या ओळीत वाक्य, दुसरीत प्रत्येक घटकाचा अर्थ बरोबर त्याच्या खाली, तिसरीत पूर्ण वाक्याचा अर्थ. यासाठी जगभर लाइपझिगचे नियम वापरतात. ते थोडक्यात आहेत आणि फुकट मिळतात. बसल्या बैठकीला वाचून होतील.

दुसरी ओळ म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. वरचंच वाक्य घ्या. कोल्हापूरची बाई म्हणते, ‘मी जातो’. याची फोड ‘जा-त-ओ’ अशी केलीत आणि ‘ओ’खाली ‘पुल्लिंग, प्रथमपुरुष, एकवचन’ असं लिहिलंत, तर बाई स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलते असा निकाल तुम्ही देऊन मोकळे झालात. कदाचित तिच्या बोलीत प्रथमपुरुषाला लिंगच नसेल. तसं असेल तर ‘ओ’खाली फक्त ‘प्रथमपुरुष, एकवचन’ यायला हवं. कोणती फोड बरोबर, याचा पुरावा त्याच बाईच्या इतर वाक्यांतून शोधावा लागतो. ‘ती जाते’ म्हणते ना? ‘मी दमलेली आहे’ म्हणते की ‘दमलेलो’? सगळा निबंध या एका ओळीवर तोललेला असू शकतो आणि जाणता श्रोता पहिला प्रश्न तिथेच विचारेल.

तांत्रिक बाब: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर हमखास फुटतो. युनिकोडच वापरा, पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत करा आणि देवनागरीबरोबर रोमन लिप्यंतर द्या. ‘ल’ आणि ‘ळ’, तसंच ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळे दिसले पाहिजेत.

मराठीतून निबंध वाचता येतो का?

विद्यापीठांच्या मराठी विभागांच्या चर्चासत्रांत अर्थातच. राष्ट्रीय भाषाविज्ञान परिषदांत व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो. माझं मत असं की काम दोन्हीकडे मांडावं. बोली बोलणाऱ्या लोकांना आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं ते वाचता आलं पाहिजे आणि बाहेरच्या अभ्यासकांनी त्यावर हरकत घेतली पाहिजे. इंग्रजी बोलताना अडखळत असाल तर हातात एक पानी हँडआउट ठेवा. उदाहरणं छापलेली असली की श्रोते ती वाचतात आणि तुमच्या उच्चारांकडे कोणाचं लक्ष राहत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. सगळेच सांगतात.

कोकणीवरचं काम मराठीच्या परिषदेत पाठवू का?

तुलना किंवा संपर्क हा विषय असेल तर जरूर. पण कोकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि तिला मराठीची बोली म्हणून मांडणं शास्त्राच्या आणि आदराच्या दृष्टीनंही बरोबर नाही. १९६०च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी बोलींची जी पाहणी मालिका काढली, तिच्या नावात ‘मराठी बोली’ आहे आणि आत दक्षिण कॅनरा, काणकोण, कोचीनची कोकणी आहे. ती सामग्री मोलाची आहे, ती वापरा. मात्र मालवणी असो, चित्पावनी असो, बोलणारी व्यक्ती आपल्या भाषेला काय म्हणते ते तिलाच विचारून निबंधात लिहा.

ज्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं त्यांची परवानगी लागते का?

लागते आणि ती आधीच घ्यायची. कशासाठी, कोण ऐकणार, नाव छापायचं की नाही, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगा. सही नको वाटत असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. वारली, कातकरी, पारधी अशा समाजांत काम करताना हे दुप्पट काळजीनं करावं. सभागृहात लोकांना हसू यावं म्हणून कोणाच्या बोलीचा नमुना ऐकवणं हे मी सत्राध्यक्ष म्हणून चालू देत नाही.

बोगस परिषद कशी ओळखायची?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण दर वर्षी विद्यार्थ्यांचे कष्टाचे पैसे यात जातात. गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत ‘अभिनंदन, आपला निबंध स्वीकारला’ असा मेल आला तर तो कोणी वाचलेला नाही. वाणिज्य, प्राणिशास्त्र, मराठी आणि योग एकाच ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ परिषदेत असतील तर तुमच्या निबंधावर प्रश्न विचारणार कोण? समितीवरच्या नावांपैकी एक-दोघांना सरळ मेल टाकून विचारा. आपलं नाव तिथे आहे हेच कधीकधी त्यांना ठाऊक नसतं. गैरहजर राहूनही प्रमाणपत्र मिळत असेल, किंवा शुल्क भरताच नियतकालिकात छपाईची हमी असेल, तर तिथून दूर राहा. ‘यूजीसी केअर’ या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीतल्या नियतकालिकात छापू, अशी जाहिरात अजून दिसते. यूजीसीनं ती यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे.

चांगल्या परिषदेच्या खुणा उलट असतात: मागच्या वर्षांचे कार्यक्रम संकेतस्थळावर दिसतात, किती गोषवारे आले आणि किती घेतले ते सांगितलेलं असतं आणि नकारासोबत परीक्षकांचे शेरे येतात. ते शेरे जपून ठेवा. फुकट मिळालेलं मार्गदर्शन आहे ते.

पण बढतीसाठी आणि पीएच.डी.साठी प्रमाणपत्रं लागतातच ना?

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत शोधनिबंध वाचनाला गुण आहेत: परदेशातली आंतरराष्ट्रीय परिषद ७, देशातली आंतरराष्ट्रीय ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळी २. तोच निबंध पुढे पुस्तकात छापला तर गुण एकदाच धरता येतात. पीएच.डी.च्या प्रबंधाआधी दोन परिषदांत वाचन करण्याची २०१६ची सक्ती २०२२च्या नियमांत राहिली नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो विभागात विचारून घ्या. गुणांसाठी धावणाऱ्या प्राध्यापकांना मी दोष देत नाही, व्यवस्थाच तशी आहे. एवढंच म्हणेन की ३ गुणांच्या पाच घाईच्या निबंधांपेक्षा नीट तपासून घेतलेला एक निबंध पुढे लेख होतो, प्रबंधाचं प्रकरण होतो.

खर्चाचं काय?

विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत बहुतेक ठिकाणी असते. राहण्याची सोय विद्यापीठाच्या अतिथीगृहात होते का ते आयोजकांना वेळेत विचारा. परदेशी प्रवासासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएसएसआर) योजना आणि तुमच्या विद्यापीठाचा निधी पाहा. बऱ्याच परिषदा स्वतःही काही विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देतात, पण अर्ज वेगळा करावा लागतो. युरोपसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निबंध स्वीकारल्याचं पत्र हाती आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा.

मी विद्यापीठात नाही. बँकेतून निवृत्त झालोय, बोलीचे शब्द जमवतोय. मला कोणी उभं करेल का?

करेल. गोषवारा निनावी तपासला जातो, त्यामुळे तिथे पदवी आणि पद दिसतच नाही. मात्र शब्दांची यादी म्हणजे निबंध नव्हे. शेतीच्या अवजारांचे शब्द असतील तर कोणत्या गावापर्यंत कोणता शब्द चालतो, हे नकाशावर मांडा. डेक्कन कॉलेजात मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प झाला आहे आणि त्यातली माहिती संकेतस्थळावर खुली आहे. तुमची यादी तिच्याशी ताडून बघा. जिथे फरक पडतो तिथे तुमचा निबंध आहे.

निबंध वाचून झाला. पुढे?

त्याच संध्याकाळी प्रश्न वहीत उतरवून ठेवा, कोणी विचारला त्याच्यासकट. ज्यांनी हरकत घेतली त्यांना आठवड्याभरात मेल करा. परिषदेच्या इतिवृत्तात (वाचलेल्या निबंधांच्या संग्रहात) छापायला मागितलं तर आधी विचार करा, कारण तिथे छापलेला निबंध बहुतेक नियतकालिकं पुन्हा घेत नाहीत. इंग्रजी लेखासाठी लिंग्विस्टिक सोसायटीचं ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ आहे. मराठीसाठी मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासून निघतं आणि अशोक केळकरांसारख्या भाषावैज्ञानिकानं त्याचा पाया घातलेला आहे. वीस मिनिटांच्या निबंधाचा लेख व्हायला चार-सहा महिने सहज लागतात. सामग्री वाढवावी लागते, प्रश्नांची उत्तरं मजकुरात आणावी लागतात आणि ज्या बायकांची वाक्यं वापरली त्यांच्याकडे एकदा तरी परत जाऊन ती बरोबर ऐकली ना, हे विचारावं लागतं.